अमेरिकेच्या संघीय तपास यंत्रणांत इंटर्नशिप : अर्जाआधीची तयारी

सर्वांत आधी नागरिकत्व तपासावे. एफबीआय, सिक्रेट सर्व्हिस, डीईए (अमली पदार्थविरोधी यंत्रणा), यूएस मार्शल्स सर्व्हिस (फरार आरोपींना शोधणारी व न्यायालयांना संरक्षण देणारी यंत्रणा) यांसारख्या यंत्रणांतील विद्यार्थ्यांच्या संधी अमेरिकी नागरिकांसाठी असतात. एफ-1 (विद्यार्थी) किंवा एच-4 (एच-1बी सारख्या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांचा) व्हिसावर असलेल्यांना, तसेच केवळ ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्यांनाही, तेथे प्रवेश नाही. मात्र ग्रीन कार्ड असलेले मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी आई किंवा वडील नागरिक झाले असतील आणि मूल त्यांच्या ताब्यात, त्यांच्याजवळच राहत असेल, तर 2000 सालच्या बाल नागरिकत्व कायद्याने ते आपोआप नागरिक झालेले असते. अमेरिकेतल्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांच्या हे लक्षातही येत नाही. अशा मुलाचा अमेरिकी पासपोर्ट आधी काढून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी पुराव्यासाठी धावाधाव होत नाही.

मग वेळापत्रक पाहावे. एफबीआयची ऑनर्स इंटर्नशिप उन्हाळ्यात दहा आठवडे चालते आणि तिचे वेतन मिळते, पण अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो, कारण निवडीनंतरची पार्श्वभूमी तपासणी, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि अमली पदार्थांची चाचणी यांत कित्येक महिने जातात. जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक) किमान 3.0 असावा लागतो. इतर बऱ्याच जागा ‘पाथवेज’ या विद्यार्थी व नव्या पदवीधरांसाठीच्या सरकारी भरती कार्यक्रमाखाली यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात आणि काही दिवसांतच बंद होतात. म्हणून तेथे खाते उघडून सूचना लावून ठेवावी आणि रेझ्युमे तयार ठेवावा. सरकारी रेझ्युमे पाच-सहा पानांचा असतो हा जुना सल्ला आता सोडून द्यावा. 2025 पासून तेथे दोन पानांची मर्यादा आहे.

खरी तयारी मात्र एसएफ-86 या सुरक्षा तपासणीच्या फॉर्मची आहे, आणि तिच्यासाठी मी पहिल्याच वर्षी एक वही घालायला सांगेन. फॉर्म गेल्या दहा वर्षांचे पत्ते मागतो. तरुण अर्जदाराला साधारणपणे अठराव्या वाढदिवसापासूनचे द्यावे लागतात. वसतिगृहाची प्रत्येक खोली, उन्हाळ्यात घेतलेली भाड्याची जागा, हे सर्व महिन्यांसह लिहावे लागते, आणि अलीकडच्या पत्त्यांसाठी तुम्ही तेथे राहत होता हे सांगू शकेल अशा व्यक्तीचे नाव व संपर्कही द्यावा लागतो. खोली सोडताना सोबत्याचा फोन नंबर वहीत उतरवून घेतला असेल तर दोन वर्षांनी त्याला शोधत बसावे लागत नाही.

आपल्या घरांतील मुलांना जास्त वेळ लागतो तो परदेशासंबंधीच्या भागाला. आमच्या मुलीने हा फॉर्म भरला तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिचे जुने-नवे पासपोर्ट पसरले होते आणि मुंबई विमानतळाचा एकेक शिक्का भिंगाखाली धरून आम्ही भारतातल्या फेऱ्यांच्या तारखा जुळवत होतो. गेल्या सात वर्षांतले परदेश प्रवास तर लागतातच, शिवाय परदेशी नागरिक असलेल्या ज्या व्यक्तींशी जवळचा किंवा सततचा संबंध आहे त्यांचीही माहिती लागते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटणारी आजी आणि पुण्यातला मामेभाऊ त्यात बसतात. मुलांना सुट्टीत गेलेले घर आठवते, पत्ता आठवत नाही. ‘दत्त मंदिरामागे’ एवढ्यावर फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणून पूर्ण पत्ता, पिनकोड आणि व्यवसाय ही माहिती काका-मावशींकडून आधीच मागवून घ्यावी.

आईवडिलांच्या नागरिकत्व प्रमाणपत्रांची प्रत हाताशी ठेवावी. फॉर्म नातेवाइकांची पूर्वीची नावेही विचारतो, आणि आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची रीत होती. आईच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे नाव असेल तर दोन्ही लिहावीत. मुलाच्या नावावर भारतात बँक खाते, जमिनीतला हिस्सा किंवा फ्लॅट आहे का, हे आईवडिलांनी त्याला स्पष्ट सांगावे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) हे भारतीय नागरिकत्व नव्हे, पण त्याबद्दल विचारल्यास सरळ सांगावे. भारतात नातेवाईक असल्याने कोणी आपोआप अपात्र ठरत नाही. माहिती दडवल्याने मात्र नक्की ठरू शकतो. ‘हे कशाला सांगायचे’ असा सल्ला घरच्या मोठ्यांनी प्रेमापोटीही देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही बाबी वेळ निघून गेल्यावर दुरुस्त होत नाहीत. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, आणि अर्जापूर्वीच्या एका वर्षात त्याचे सेवन केलेल्याला एफबीआय घेत नाही; इतर बेकायदा अमली पदार्थांसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. मुलग्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या लष्करभरतीसाठी तरुणांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत) आपली नोंद आहे याची खात्री करावी, कारण वयाची 26 वर्षे पूर्ण झाल्यावर ती करता येत नाही. विद्यार्थी कर्जाचा हप्ता थकलेला नसावा, आणि उन्हाळी नोकरीचे कर विवरणपत्र लागू असेल त्या वर्षी भरलेले असावे.

विषय निवडताना क्रिमिनल जस्टिसची पदवी हवीच असे समजू नये. आयआरएस या संघीय कर खात्याच्या गुन्हे तपास विभागाला एजंटसाठी अकाउंटिंगचे 15 आणि संबंधित विषयांचे 9 सेमिस्टर-तास (कॉलेजच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट) लागतात, तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे तास आतापासून मोजून घ्यावेत. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने सायबरकोर या सायबर सुरक्षेच्या सरकारी शिष्यवृत्तीची चौकशी करावी. तीत शिक्षणाचा खर्च मिळतो आणि जितका काळ शिष्यवृत्ती घेतली तितका काळ सरकारी सेवा करावी लागते. इंटर्नशिप केली म्हणजे एजंट झालो असे नाही: एफबीआयच्या विशेष एजंटसाठी किमान वय 23, पदवी आणि सहसा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि नेमणूक 37 पूर्ण होण्याआधी व्हावी लागते. त्या वाटेने जायचे असेल तर 300 मीटर धाव, दीड मैल धाव आणि पुशअप्स यांचा सराव कॉलेजातच सुरू करावा.

अर्ज केल्याची बातमी समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि आईवडिलांनीही ती महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात देऊ नये. फॉर्म पाठवण्यापूर्वी त्याची पूर्ण प्रत जपून ठेवावी. मुलाखतीत त्यावरूनच प्रश्न येतात, आणि पुढे कायम नोकरीसाठी तो पुन्हा भरताना जुन्या तारखा त्या प्रतीतूनच घ्याव्या लागतात.