वाडीत कुणाला सोलर लावून देताय? आधी बिलावरचं नाव बघा

गरिबाघरी सोलर न्यायचं म्हटलं की जो तो सबसिडीचा आकडा सांगत सुटतो, पण आपल्या कोकणात गाडी अडते ती नावावर. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांचं, घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर चार भाऊ, त्यातले तीन मुंबईला. म्हणून आधी बिल, उतारा, आधार, पासबुक समोर मांडा आणि नावं जुळतात का बघा, मीटर नावावर करायचं राहिलंय तर तो अर्ज पहिला टाका, आणि भावांच्या सह्या गणपतीतच घ्या कारण एरवी सगळे एकत्र सापडत नाहीत (आरती झाल्यावर विषय काढा, आधी काढलात तर आरतीच राहायची).

मग बिलातले युनिट बघा. महिन्याला पन्नास-साठ युनिट जळणाऱ्या घराला लगेच सोलरच्या मागे लावू नका. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा साधारण ३० चा, रोज १२ तास फिरला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, ना अर्ज ना सह्या.

गोठ्यात चार-पाच गुरं असतील तर २ घनमीटरचा गोबरगॅस. रोज ५० किलोभर शेण आणि तेवढंच पाणी लागतं, तेव्हा मे महिन्यात पाणी पुरेल का हे घरातल्या बाईला विचारा, बाप्ये लोक नुसते होय म्हणतात.

सोलरच घ्यायचं ठरलं तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून १ किलोवॅटला ३०,००० आणि २ ला ६०,००० मिळतात, राज्याच्या स्मार्ट योजनेत बीपीएल घराला वर १७,५०० आहेत. पण केंद्राची सबसिडी खात्यात येते ती सगळं बसून चालू झाल्यावर, तोवरचे पैसे कर्जातून की कुठून ते आधीच ठरवा, नाहीतर सावकार आहेच.

कौलांवर शक्यतो नको, वासे वाळवीने खाल्लेले असतात. न्हाणीघराचा स्लॅब बरा, फक्त वर माड नको, सावलीही पडते आणि नारळही. खाऱ्या वाऱ्याला साधं लोखंड टिकत नाही, फ्रेम गॅल्वनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेसचेच मागा, आणि फ्रेम पक्की आवळून घ्या, २०२० च्या निसर्ग वादळात काय काय उडालं ते रायगड-रत्नागिरीवाल्यांना सांगायला नको.

आणि हे तोंडावर सांगाच: लाइट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. नाहीतर जूनमध्ये पहिल्या पावसाला लाइट गेली की फोन तुम्हालाच. अंधारासाठी दोन चार्जिंगचे बल्ब वेगळे घेऊन द्या.