डी अँड डीच्या फाइटमध्ये रूलवरून अडलं तर काय करायचं

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. त्यात फाइट ऐन रंगात आली की कोणीतरी "असं चालतं का पण?" म्हणतं, मग सगळे पुस्तकात डोकं घालतात आणि ज्याची टर्न आहे तो बिचारा मोबाईल काढून बसतो. म्हणून गेम सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाका की टेबलावर २०१४ चं प्लेअर्स हँडबुक (रूल्सचं मुख्य पुस्तक) चालणार की २०२४ चं, बरेचसे वाद तिथेच मिटतात. म्हणजे बघा, शत्रू इनव्हिजिबल आहे आणि विझार्डने सी इनव्हिजिबिलिटी हे स्पेल (जादू) टाकलंय, त्याला तो दिसतोय, तरी अॅटॅकला डिसअॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा) का? २०१४ च्या पुस्तकात इनव्हिजिबल कंडिशनचे दोन वेगळे मुद्दे आहेत, दिसत नाही हा एक आणि त्याच्यावरच्या अॅटॅकला डिसअॅडव्हान्टेज हा दुसरा, आणि दुसऱ्यात दिसण्याबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळे शब्दशः घेतलं तर दिसत असूनही डिसअॅडव्हान्टेज राहतो. मला तरी हे कधीच पटलं नाही, आणि २०२४ ला त्यांनी सरळ लिहूनच टाकलं की ज्याला तुम्ही दिसताय त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही. जुनं पुस्तक वापरत असाल तर बिनधास्त नवीन अर्थ घ्या.

एरवी मात्र नेमका शब्द काय वापरलाय ते बघायचं. ऑपॉर्च्युनिटी अॅटॅकचंच घ्या, म्हणजे शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर जाताना मिळणारा फुकटचा वार. थंडरवेव्ह स्पेलने गॉब्लिन १० फूट ढकलला गेला तर फायटरला त्याच्यावर फुकटचा वार मिळत नाही, कारण गॉब्लिनने स्वतःची मूव्हमेंट, अॅक्शन, रिअॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येणारी झटपट कृती) काहीच वापरलं नाही. पण बार्डने डिसोनंट व्हिस्पर्स टाकलं आणि तोच गॉब्लिन घाबरून पळाला तर वार मिळतो, कारण ते स्पेल त्याला त्याची रिअॅक्शन वापरून पळायला लावतं. आता त्याच गॉब्लिनवर आधीच बूमिंग ब्लेड (हललं की जास्तीचं डॅमेज देणारं स्पेल) लागलेलं असेल तर? त्याचं जास्तीचं डॅमेज नाही, तिथे 'स्वतःच्या मर्जीने' हलला तर असं म्हटलंय आणि हा तर भीतीने पळतोय. एकच पळणं, दोन रूल, दोन उत्तरं.

दोन रूल एकमेकांना छेद देत असतील तर जो जास्त नेमका तो जिंकतो. डिसएंगेज (सावधपणे मागे हटायची अॅक्शन) केलं की ऑपॉर्च्युनिटी अॅटॅक नाही हा सगळ्यांसाठीचा रूल, पण समोरच्याकडे सेंटिनेल फीट (कॅरेक्टरला मिळणारं खास कसब) असेल तर डिसएंगेज करूनही मार खावा लागतो. आणि दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आधी कुठली ते कळेना, तर झॅनाथर्स गाइड या जोड-पुस्तकामध्ये सोपा तोडगा आहे, ज्याची टर्न त्याने क्रम ठरवायचा (मॉन्स्टरची टर्न असेल तर अर्थात डीएमने, म्हणजे गेम चालवणाऱ्या डन्जन मास्टरने).

एवढं करूनही सुटलं नाही तर दोन मिनिटांत डीएमने काहीतरी एक ठरवायचं, कागदावर लिहून ठेवायचं, पुढे चालू, आणि सेशन संपल्यावर निवांत शोधायचं. ठरवताना मी एकच विचारते, हेच उद्या मॉन्स्टरने तुमच्यावर केलं तर चालेल का? भलेभले गप्प होतात. कोणी जेरेमी क्रॉफर्डचं (डी अँड डीचा तेव्हाचा मुख्य रूल-डिझायनर) जुनं ट्विट काढून दाखवलं तर वाचा जरूर, पण ऑफिशियल उत्तरं सेज अॅडव्हाइस कम्पेंडियम या कंपनीच्या प्रश्नोत्तरांच्या संग्रहातली, त्याची ट्विट्स ऑफिशियल नाहीत असं त्या कम्पेंडियममध्येच लिहिलंय.