शिलालेखाचा फोटो काढायचाय? अंधार पडल्यावर जा
देवळापुढच्या शिलालेखाचा नाहीतर वीरगळाचा (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) फोटो भर दुपारी काढला की दगड सपाट दिसतो, एक अक्षर लागत नाही.

1. अंधार पडल्यावर जा, फ्लॅश बंद ठेवा अन् दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला, जवळपास टेकवून आडवा धरायला लावा, खाचेत सावली पडते अन् अक्षरं वर उठून येतात, आधी डावीकडून मग वरून.
2. शेजारी 10 रुपयाचं नाणं ठेवा (27 मिमी), माप कळतं.
3. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर फोटोची क्वालिटी उतरते, विकिमीडिया कॉमन्सवर (सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या फोटोंची साइट) टाकताना गाव-तालुका लिहा.

अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीच लावू नका, आमच्याकडं मराठवाड्यात ऑइलपेंटनं आधीच लई दगड मुके झालेत.