पॉइंट अँड क्लिक गेममध्ये सारखं अडकताय? या चुका टाळा

बेळगावात पावसाची झड लागली की चार चार दिवस घरातनं बाहेर पडायला होत नाही, मग ग्रुपवर कोणतरी विचारतंच, ते जुने पॉइंट अँड क्लिकवाले, म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचे गेम चांगले असतात म्हणं, कुठला घेऊ? घेतात, दोन तास खेळतात, एका दारापाशी अडकतात आणि "डोक्याला शॉट हाय" म्हणून डिलीट मारतात. टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत हीच स्टोरी. आणि वर ठरलेलं वाक्य, कोडी अवघड होती म्हणूनच तर हे गेम बंद पडले की!

मला हे अजिबात पटत नाही. मिस्ट बघा, 1993 चा. एक बेट, बोलायला कोण माणूस नाही, काय करायचं ते सांगायला कोण नाही, आणि बॉक्समधनं चक्क कोरी वही द्यायचे, नोट्स तुमचे तुम्ही काढा म्हणून. तरी साठ लाखांच्या वर खपला आणि 2002 मध्ये द सिम्सनं मागं टाकेपर्यंत पीसीवर सगळ्यात जास्त खपलेला गेम तोच होता. अवघड हाय म्हणून लोक पळत नाहीत ओ, फसवलं गेल्यासारखं वाटलं की पळतात.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, अवघड कोडं आणि भंगार कोडं यातला फरक न करणं. भंगार कोड्याचा नमुना म्हणजे 1999 चा गॅब्रियल नाइट 3. हिरोला मोटरसायकल भाड्यानं पाहिजे, ती मित्राच्या नावावर बुक हाय, म्हणून मित्राचं सोंग घ्यायचं. त्यासाठी काय करायचं तर शेडच्या दाराला भोक हाय तिथं चिकटपट्टी लावायची, मांजराच्या अंगावर पाणी मारायचं, ते भोकातनं पळताना केस पट्टीला चिकटतात, मग ते केस गोड सिरपनं ओठावर चिकटवून मिशी करायची. आता गंमत ऐका, त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर पेननं मिशी काढायची. हे कुणाला सुचणार? तुम्ही इथं अडकला तर डोकं तुमचं कमी नाही, सरळ उत्तर बघा आणि पुढं चला.

याच्या उलट द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड, 1990 चा. हिरोला जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात, तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, आजूबाजूला भरपूर धारदार सामान पडलंय पण एकापर्यंतपण दोरी पुरत नाही. माणूस तिथं दोरी कापायच्या नादात झुरतो. उत्तर काय, मूर्तीच उचलायची आणि चालत वर यायचं. (स्पॉयलर दिला, पण गेम पस्तीस वर्षं जुना हाय, माफ करा.) आजीनं उमाणं घातल्यावर उत्तर ऐकून कसं आपण "हात्तिच्या!" म्हणतो आणि स्वतःवरच हसतो, तसं इथं होतंय. उत्तर समजल्यावर हसू आलं तर कोडं चांगलं, शिवी आली तर भंगार, माझी परीक्षा एवढीच.

दुसरी चूक, पहिलाच गेम सिएरा या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्यातला उचलणं. नाव मोठं म्हणून किंग्ज क्वेस्ट 5 घेतात, तोपण 1990 चाच. त्यात गावात एक मांजर उंदराच्या मागं पळताना दिसतंय, त्याच क्षणाला मांजराला जुना बूट फेकून मारायचा. नाही मारला तर गेम काय बोलत नाही, तुम्ही खुशाल पुढं जाताय, आणि बऱ्याच वेळानं तळघरात बांधून टाकल्यावर दोरी कुरतडायला तो उंदीर येतच नाही. खेळ खल्लास. त्याच गेममधली पाय (केकसारखा गोड पदार्थ) भूक लागली म्हणून खाल्ली तर पुढं डोंगरात हिममानव यतीला फेकून मारायला हातात काय राहत नाही, तिथंपण संपलं. म्हणून असले गेम खेळायचेच असतील तर एकाच सेव्हवर सारखं सेव्ह मारू नका, दर जागेला नवीन नावानं वेगळं सेव्ह ठेवा. जुन्या गेमना ऑटोसेव्ह नसतंय आणि आपल्याकडं वारं सुटलं की करंट जातोय हे काय सांगायला नको. मंकी आयलंडवाल्या रॉन गिल्बर्टनं तर 1989 लाच लेख लिहून सांगितलेलं की खेळणाऱ्याला न कळत असं अडकवू नका, म्हणून त्याच्यापासनं सुरुवात केलेली बरी.

अडकल्यावर काय करतात तर खिशातली प्रत्येक वस्तू स्क्रीनवरच्या प्रत्येक गोष्टीवर घासून बघतात. असं करून कोडं सुटलं तरी मजा शून्य, कारण का सुटलं तेच कळत नाही. त्यापेक्षा थांबा, ज्या माणसाशी एकदाच बोललाय त्याच्याशी परत बोला, डायलॉग स्किप मारलेत तिथंच निम्मी क्लू गेलेली असतात. आणि पूर्ण वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं लिहिलेली गाईड, उघडून शेजारी ठेवायचा नाही, एक कोडं बघायला जाताय आणि खालची चार वाचून येताय. हिंट गेमच्या आत असेल तर तीच वापरा. मशिनेरियममध्ये, 2009 चा हाय, उत्तराचं पुस्तक उघडायला आधी छोटा शूटिंगचा खेळ खेळायला लागतोय, म्हणजे फुकटात काय नाही, आवडली मला आयडिया. रिटर्न टू मंकी आयलंडमध्ये, 2022 चा, हिंट बुकपण हाय आणि सोपा-अवघड मोडपण. पहिल्यांदा खेळताना सोपा मोड घ्यायला लाजायचं कशाला?

आता मोबाइलवाल्यांचं. खानापूर गाडीत बसून आवाज बंद करून मिस्ट खेळायलाय आणि भुयारातल्या रुळावर गोल गोल फिरायलाय, तर फिरणारच, तिथं कुठल्या दिशेला वळायचं ते आवाजावरनंच कळतंय. इयरफोन घाला. वस्तू बारीक हाय, बोटाखाली झाकतीय, टॅप लागत नाही, असं असेल तर जुने गेम चालवायच्या स्कमव्हीएम ॲपमध्ये टचपॅड मोड लावा, मग बोट सरकवलं की कर्सर सरकतोय आणि बारीक चावीपण सापडतीय. हे ॲप फुकट हाय, पण गेमच्या फाइल्स तुमच्या तुम्ही विकत घ्यायच्या. नव्या बऱ्याच गेममध्ये क्लिक करायच्या जागा दाखवायचं बटण असतंय, सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

आणि सबटायटल. मराठी मीडियम असू दे नाहीतर कन्नड मीडियम, इंग्लिश ओळ वाचून होईस्तोवर पळाली की माणूस मुकाट्यानं पुढं क्लिक करतोय, आणि क्लू नेमकी त्यात. टेक्स्ट स्पीड आधी कमी करा. तरी काय कळलं नाही तर त्या माणसाला परत तोच प्रश्न विचारा, बहुतेक जण न कंटाळता परत सांगतात.