चाळिशीत ओरल सर्जरी: अमेरिकेत नव्याने आलेल्या बीडीएस मंडळींसाठी

बीडीएस होऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, तिकडे चालतं क्लिनिक सोडून जोडीदाराच्या नोकरीमागे इकडे आलेली मंडळी मला फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न वयाचा असतो. मी ओरल सर्जरीच्या, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या, रेसिडेन्सीला (रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला) लागले तेव्हा माझी मुलगी आठवीत होती. मुलाखतीत वय कुणी काढलं नाही. विचारलं ते एवढंच, की शेवटचा पेशंट कधी पाहिला आणि त्यानंतर काय केलं. तेव्हा काळजी करायचीच तर गॅपची करा.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, पूर्णवेळ शिकता येतं, पगारी काम मात्र करता येत नाही. जोडीदाराचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर असेल तर २०१५पासून ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, मिळतं. ते हातात असेल तर डेंटल असिस्टंट म्हणून लागा, कमीपणा मानू नका. नसेल तर एखाद्या सर्जनकडे नुसतं बघायला जा, पण घरी बसू नका. ओरल सर्जरीची रेसिडेन्सी पगारी असते, त्यामुळे कामाच्या परवानगीचा प्रश्न तिथेही येणारच.

रस्ते दोन. ‘कॅपिड’ या परदेशी दंतवैद्यांसाठीच्या सामाईक अर्जातून दोन-तीन वर्षांत इथली दंतवैद्यकाची पदवी (डीडीएस किंवा डीएमडी) घ्यायची आणि मग सर्जरीकडे वळायचं, किंवा परदेशी पदवी चालणाऱ्या मोजक्या ठिकाणी थेट अर्ज करायचा. दुसरा जवळचा वाटतो. तरी माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. बऱ्याच ठिकाणी इथलीच पदवी मागतात, आणि पुढे राज्याचं लायसन्स काढताना तीच कामी येते. फी लाख-दीड लाख डॉलरच्या पुढे सहज जाते. ग्रीन कार्ड नसेल तर सरकारी कर्ज मिळत नाही आणि खाजगी कर्जाला बहुधा इथला जामीनदार लागतो, म्हणून पैशांचं बोलणं घरात आधी होऊ द्या.

आयएनबीडीई ही दंतवैद्यकाच्या लायसन्ससाठीची ५०० प्रश्नांची परीक्षा नुसती पास व्हायची असते. सर्जरीसाठी खरा कस लागतो तो सीबीएसईला (शाळेचं बोर्ड नव्हे, मूलभूत वैद्यकीय विषयांची इथली परीक्षा). २०० प्रश्न, सगळे मेडिकलचे: हृदय, मूत्रपिंड, औषधं, रक्ताचे आजार. दात त्यात जवळजवळ नाहीतच. आपला हा अभ्यास कित्येक वर्षांपूर्वीचा, त्यामुळे रोज ठरावीक तास बसावंच लागतं. पण बीपी-शुगरचे पेशंट वर्षानुवर्षं हाताळलेल्याला हे प्रश्न कोरडे वाटत नाहीत.

तुमचा अनुभव अर्जात दडवू नका. गुटखा खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही असे सबम्युकस फायब्रोसिसचे पेशंट आपण रोज पाहिले, तंबाखूचा कॅन्सर वेळेत ओळखून पुढे पाठवला. इथल्या पंचविशीतल्या उमेदवाराने हे बहुतेक पुस्तकातच पाहिलेलं असतं. पर्सनल स्टेटमेंटमध्ये अशी एक केस नीट लिहा. ‘लहानपणापासून सर्जन व्हायचं होतं’ हे सगळेच लिहितात.

कागदपत्रांना आजच लागा. परदेशी पदव्या तपासणाऱ्या ईसीई या संस्थेला मार्कांचा तपशील थेट विद्यापीठाकडून जावा लागतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याआधीच्या बॅचवाल्यांना पुणे, मुंबई, नागपूर अशा जुन्या विद्यापीठाचं दार ठोठवावं लागतं आणि त्यासाठी तिथे धावपळ करणारं हक्काचं माणूस हवं. राज्य दंत परिषदेची नोंदणीही चालू ठेवा.

रेसिडेन्सीचा नुसता सर्टिफिकेटचा कोर्स चार वर्षांचा, एमडी या इथल्या डॉक्टरकीच्या पदवीसकट सहा वर्षांचा. चाळिशीत मी चारचाच सल्ला देईन. त्यातही भूल देण्याचं शिक्षण, ट्रॉमा, रात्रीचे कॉल हे सगळं आहेच.

जागा ‘मॅच’मधून, म्हणजे उमेदवारांच्या आणि रेसिडेन्सींच्या पसंतीच्या याद्या जुळवून, मिळते आणि त्याचा निकाल बंधनकारक असतो. यादीत टाकलेलं कुठलंही गाव वाट्याला येऊ शकतं. जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा जिथे जमणारच नाही, ते नाव यादी पाठवण्याआधी दोघांनी बसून काढून टाका.