विकास आराखड्यावर हरकत नोंदवताय? या चुका टाळा

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे घरं हे ठरवणारा कच्चा नकाशा जाहीर झाला की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्यावर आरक्षण पडलंय का?" म्हणजे आपली जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय का. नाही म्हटलं की सगळे निर्धास्त. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती हरकतीचा कागद हातात घेण्याआधीच होते.

समजा, पलीकडच्या रिकाम्या भूखंडावर बागेचं आरक्षण टाकलंय. जमीनमालक ते उठवा म्हणून हरकत घेणारच, त्यात गैर काही नाही. सुनावणीला तो वकील आणि आर्किटेक्ट घेऊन येईल. पण ज्या वस्तीसाठी बाग दाखवली, तिथून एकही कागद गेलेला नसतो, म्हणून हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीच्या कानावर एकच बाजू पडते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली मागवतात त्या 'हरकती व सूचना'. "हे आरक्षण आहे तसंच कायम ठेवा" हीसुद्धा सूचनाच आहे. ती लिहायला कुणी मनाई केलेली नाही, लोकांना सुचत नाही एवढंच. सातबाऱ्यावर नाव असण्याचीही गरज नाही. कायद्यात शब्द आहे 'कोणतीही व्यक्ती', त्यामुळे भाडेकरूही लिहू शकतो.

पत्रात राग असतो, पत्ता नसतो

"आमच्या भागावर घोर अन्याय झाला असून योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." असं पत्र वाचून नगररचना विभागातला माणूस करणार काय? कोणता भूखंड, नकाशाची कोणती शीट, नेमकं काय बदलायचं, यातलं काहीच त्यात नाही. तेच पत्र असं लिहून पाहा (आकडे नमुन्याचे आहेत):

"शीट क्र. ७, स. नं. ४२/३ मधून प्रस्तावित केलेला १२ मीटर रुंदीचा रस्ता आमच्या इमारतीच्या जिन्यावरून जातो. इमारतीस २०११ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे, प्रत सोबत जोडली आहे. हा रस्ता उत्तरेकडील सध्याच्या ९ मीटर रस्त्याचे रुंदीकरण करून जोडता येईल. पर्यायी आखणी नकाशाच्या प्रतीवर लाल रेघेने दाखवली आहे. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी."

जागा, पुरावा, पर्याय, मागणी. बाकी पाल्हाळ नको. आरक्षणाबद्दल लिहीत असाल तर आरक्षण क्रमांक हवाच. एका पत्रात एकच मुद्दा ठेवलेला बरा. पाणी, कचरा, डुकरं आणि रस्ता असं सगळं एकत्र कोंबलं की रस्त्याचा मुद्दा शोधतानाच वाचणारा दमतो. आणि पाणी-कचऱ्याची तक्रार आराखड्यात सुटतही नाही, ती क्षेत्रीय कार्यालयात न्या.

छापील पत्रांचा गठ्ठा

नगरसेवकाच्या कार्यालयातून छापील मजकूर येतो, खाली फक्त सही करायची. हजार पत्रं गेली की मोठं काम झाल्यासारखं वाटतं. पण ही मतमोजणी नाही. एकाच मजकुराची पत्रं एकत्र धरून एकाच मुद्द्यावर ऐकली जातात. जुन्या हद्दीतल्या पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. एवढ्या ढिगात वेगळी दिसते ती पुरावा जोडलेली हरकत. पाच घरांनी पाच वेगवेगळ्या मुद्द्यांवर लिहावं, ते जास्त उपयोगाचं.

पायाच चुकलेला असेल तर

प्रस्तावित आराखडा सगळे बघतात, त्याआधीचा विद्यमान भूवापर नकाशा फारसं कुणी उघडत नाही. जागेवर आज काय आहे ते त्यात दाखवलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. तुमचं खेळाचं मैदान तिथे 'रिकामी जागा' म्हणून रंगवलं गेलं असेल, तर पुढे त्यावर काहीही येऊ शकतं. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा आठवा. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि चुकीच्या नोंदी यांवरून इतकं रान उठलं की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावं लागलं. सुधारित मसुदा आला थेट मे २०१६ मध्ये.

मुदतीबद्दल ऐकीव माहितीवर विसंबू नका. कुठे ३० दिवस असतात, कुठे ६०, मध्येच मुदतवाढही मिळते. जाहीर सूचनेतली तारीख खरी. पत्र दिल्यावर आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या.

सुनावणीला कुणीच नाही

हरकत दिली, पण सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली किंवा दिवस कामाचा निघाला. मग गैरहजर. नियोजन समितीत कायद्याप्रमाणे स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. त्यांच्यासमोर तुम्हाला मिळतात जेमतेम काही मिनिटं. तिथे भाषण ठोकू नका. नकाशाची प्रत पुढे सरकवा, जागेवर बोट ठेवा, जिन्याचा फोटो दाखवा. स्वतः जमत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा.

"आता मुदत गेली, संपलं"

इतक्यात संपत नाही. शासन कलम ३१ खाली मंजुरी देताना मोठे फेरबदल करू पाहत असेल, तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. लोक त्याला ईपी म्हणतात, म्हणजे वगळलेला भाग. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली एखाद्या आरक्षणात फेरबदल करायचा तर जाहीर सूचना काढावी लागते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात येणाऱ्या या सूचना वाचायचं काम परिसरातल्या एखाद्या निवृत्त माणसाकडे सोपवा, तो आवडीने करेल.

आणि आरक्षण राहिलं म्हणून बाग झाली असंही नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती, त्याही आधी ६. वस्तीला हे कळतं ते पत्रे ठोकून बांधकाम सुरू झाल्यावर.

म्हणून माहिती अधिकारात दरवर्षी एक अर्ज टाका: आमच्या प्रभागातल्या कोणत्या आरक्षणांवर कलम १२७ च्या नोटिसा आल्या, कोणत्या तारखेला, आणि त्या जागांच्या संपादनासाठी चालू अंदाजपत्रकात किती तरतूद आहे? ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. नोटीस आलेली असेल तर त्या तारखेपासून २४ महिने मोजा, आणि पुढचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी तो भूखंड प्रभाग समितीत लेखी मांडा, सर्व्हे नंबरासकट.