स्टँड मिक्सर घेताय? वॉट सोडा, मैदा मळून बघा

इंदूरमध्ये ओळखीतलं कोणी स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर ठेवून भांड्यात पीठ मळायचं आणि क्रीम फेटायचं मशीन, घ्यायला निघालं की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती वॉटचा घेऊ? कृपा करून हा प्रश्न विचारूच नका.

आधी साइज. चार-पाच माणसांच्या घराला पाच लिटरचं स्टीलचं भांडं पुरतं. अमेरिकेतून कोणी 120 व्होल्टचं मशीन आणून देत असेल तर नको म्हणा, आपल्याकडे 230 व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरचा पसारा कोण सांभाळणार.

आता खरी गोम, मोटर आणि गिअर. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, हुकपर्यंत, म्हणजे पीठ मळणाऱ्या आकड्यापर्यंत, जोर किती पोचतो ते नाही. किचनएडचं पाच लिटरच्या आसपासचं टिल्ट-हेड (म्हणजे मोटरचं डोकं बिजागरीवर मागे उचलता येतं असं) मॉडेल 300 वॉटच्या आसपासचं आहे आणि ब्रेडचं पीठ व्यवस्थित मळतं. माझा पहिला मिक्सर 1500 वॉटचा होता. गुढीपाडव्याला श्रीखंड-पुरीचा बेत, वीस माणसं जेवायला, म्हणून पुऱ्यांची घट्ट कणीक त्यात टाकली. तीन मिनिटांत डोकं उचकायला लागलं, मग टकटक, मग मोटर फिरतेय पण हुक जागचा हलेना. महाराणी रोडवरच्या कारागिराने उघडून दाखवलं, आत पांढरा नायलॉनचा गिअर, एका बाजूचे दात झिजून गुळगुळीत, आणि ग्रीसमध्ये त्याचाच पांढरा भुगा. पार्ट कुठेच मिळाला नाही, मशीन भंगारात गेलं.

म्हणून दुकानात दोनच गोष्टी विचारा, गिअर मेटलचे आहेत का आणि सुटा पार्ट इंदुरात कोण देतं. "मिल जाएगा भाभीजी" हे उत्तर नाही, सर्व्हिस सेंटरचा नंबर घेऊन तिथेच उभं राहून फोन लावा. मशीन उचलूनही बघा, हलकं असेल तर पीठ मळताना ओट्यावर सरकत जातं. हुक स्पायरल असला तर उत्तम, सी आकाराच्या हुकवर पीठ वर चढत राहतं. आणि पुऱ्यांची कणीक हातानेच मळा, कितीही महागाचं मशीन असलं तरी.

घरी आणलं की रिटर्नची मुदत संपायच्या आत ही टेस्ट कराच. अर्धा किलो मैदा, 325 मिली पाणी, यीस्ट, मीठ, स्पीड 2 वर आठ मिनिटं. मे महिन्यात पाणी फ्रीजमधलं घ्या, मळतानाही पीठ तापतंच. ही आठ मिनिटं तिथून हलू नका. डोकं उचकतंय का, जोर लागला की आवाज बसतोय का, जळका वास येतोय का बघा. वरून हात ठेवा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर मशीन परत करा. शेवटी लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणा, न फाटता पलीकडची बोटं दिसायला लागली तर पीठ नीट मळलं गेलंय.

मग 200 मिली क्रीम फेटून बघा. तळाशी न फेटलेलं क्रीम राहिलं तर बीटर वर राहतोय. भांडं धुवून फ्लॅट बीटर लावा, तळाशी एक नाणं टाकून सगळ्यात कमी स्पीडवर फिरवा, नाणं दर फेरीला जरासं सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर बऱ्याच टिल्ट-हेड मशीनमध्ये बिजागरीजवळ स्क्रू असतो, तो अगदी थोडा फिरवून पुन्हा नाण्याने बघा. बीटर तळाला घासायला लागला तर उलटा फिरवा.